पिल्लू हाकेला ओ देत नाही

कानटोपी

मंडळी, घरात चार महिन्यांचं लॅब्रेडॉर पिल्लू आहे. नाव भोपू. घरात 'भोपू, ये' म्हटलं की जिथे असेल तिथून सुसाट येतो. फरशीवर ब्रेक लागत नाहीत, त्यामुळे थेट माझ्या नडगीवर येऊन आदळतो. पण बाहेर कुंपणाच्या मैदानात पट्टा काढला की मी त्याचा कोणी नाही.

परवाचा प्रसंग. वीस मिनिटं मी 'भोपू ये, भोपू ये' करतोय आणि हा पाच हातांवर उभा. पुढचे पाय जमिनीला टेकवलेले, ढुंगण वर, शेपूट गरगर. मी एक पाऊल पुढे टाकलं की हा दोन उड्या मागे. मी थांबलो की हाही थांबतो. लोक बघत होते. एक आजोबा तर बाकावर नीट सरकून बसले, नाटकाला बसल्यासारखे. शेवटी पलीकडे एक लहान मुलगी खाली बसून बुटाची नाडी बांधत होती, हा आपणहून तिच्याकडे गेला आणि तिच्या कानात नाक घालून उभा राहिला. तिने धरून ठेवला म्हणून आम्ही घरी पोचलो.

तर प्रश्न असा: बोलावल्यावर येणं कधी शिकवायचं आणि कसं? चार महिने म्हणजे उशीर झाला का? घरात येतो म्हणजे शब्द कळतो, हे नक्की. मग बाहेर मुद्दाम करतो का?

ढब्बू

वाचतोय. आमच्याकडेही अगदी हेच आहे, फक्त आमचं पिल्लू आता सहा वर्षांचं आहे.

घोंगडी

उशीर वगैरे काही झालेला नाही. खरं तर बरं वय आहे. साधारण चार-पाच महिन्यांपर्यंत पिल्लू स्वभावतःच माणसाच्या मागे मागे राहतं, एकटं पडायची त्याला धास्ती असते. पुढे ती धास्ती जाते आणि जग गोड वाटायला लागतं. तेव्हा आत्ता हात धुऊन मागे लागा. म्हणजे कुत्र्याच्या नव्हे, कामाच्या.

तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात कामाची आहे ती बुटाची नाडी बांधणारी मुलगी. तिने काय केलं बघा. ती खाली बसली होती, त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या दिशेने येत नव्हती आणि हाकाही मारत नव्हती. तुम्ही उभे होतात, त्याच्यावर नजर रोखून होतात, पुढे पुढे सरकत होतात आणि आवाजही चढत गेला असणार. कुत्र्यांच्या भाषेत अंगावर चालून येणारा माणूस म्हणजे 'लांब हो' असा अर्थ होतो. नाहीतर 'पकड मला'. ते पुढचे पाय टेकवून ढुंगण वर करणं म्हणजे खेळायचं आमंत्रण. तुम्ही एक पाऊल टाकलंत आणि आमंत्रण स्वीकारलंत. वीस मिनिटं त्याने तुम्हाला छान खेळवलं. तो मुद्दाम छळत नव्हता, त्याला वाटलं तुम्हालाही मजा येतेय.

पुढच्या वेळी उलटं करा. पाठ फिरवा आणि टाळ्या वाजवत, वेड्यासारखे आवाज काढत विरुद्ध दिशेला पळा. मागे आला की खाली बसा, तोंड जरा बाजूला ठेवून. आजोबांची करमणूक होईल, होऊ द्या.

शेपूटवाली

"वेड्यासारखे आवाज काढत विरुद्ध दिशेला पळा"

कानटोपी, व्हिडिओ टाकायला विसरू नका. आजोबांची फी आम्ही भरतो.

टोकदार

घोंगडी बरोबर सांगतायत, पण ते तात्पुरतं झालं. मला एक सांगा कानटोपी, मैदानात तुम्ही त्याला एकूण किती वेळा बोलावता? आणि आल्यावर नेमकं काय करता? खरं सांगा.

कानटोपी

एकदाच. निघायच्या वेळी. आला की पट्टा लावतो.

टोकदार

संपलं. निदान झालं.

कानटोपी

अहो पण पट्टा लावल्याशिवाय घरी कसा नेणार?

पाचवा_मजला

टोकदारांनी एका ओळीत उरकलंय ते मी पसरट करून सांगते, कारण आमच्याकडे हेच होऊन बसलं होतं. बीगल आहे. तिला आम्ही 'ये' म्हणून कधी बोलवायचो? अंघोळीला. नखं कापायला. कानात औषध घालायला. पाहुणे आले की आतल्या खोलीत कोंडायला. तिने उशी फाडली की रागवायला. जेवायला मात्र कधीच बोलवायची गरज पडली नाही, भांड्याच्या आवाजाने ती आधीच हजर. म्हणजे 'ये' या शब्दाचा अर्थ तिच्या हिशोबी 'आता काहीतरी वाईट होणार' असा होता. सहा महिन्यांची झाली तेव्हा 'ये' ऐकलं की सोफ्याखाली जायची. आम्ही म्हणायचो, किती हट्टी! हट्टी कसली, आम्हीच तिला चोख शिकवलं होतं, उलटं.

भोपूचंही तेच. मैदानात 'ये' म्हणजे खेळ खलास. लहान मूल खेळात असताना आईने गॅलरीतून मारलेली हाक आपणही ऐकली-न ऐकल्यासारखी करायचोच ना?

उपाय: मैदानात दहा वेळा बोलवा आणि त्यातल्या नऊ वेळा परत सोडा. आला, गळपट्ट्याला हात लावला, खाऊ दिला, 'जा खेळ'. परत हाक, परत खाऊ, परत 'जा'. पट्टा अडकवून लगेच काढा, असंही दोन-तीनदा. म्हणजे पट्टा लागला म्हणजे घरी, हे गणित तुटतं. आणि खरोखर निघायचं असेल तेव्हा पट्टा लावल्यावर तिथेच दोन मिनिटं रेंगाळा, थोडं हुंगू द्या, मग निघा.

अंघोळीसाठी बोलावू नका. उठा, तिच्यापाशी जा आणि उचलून आणा. आळस नडतो हो, बाकी काही नाही.

सुईदोरा

पाचवा_मजला +१. मी व्हेट आहे, रोज हेच बघते. तुम्ही जे सांगितलंत त्यामागे डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व आहे: जे करायला मनापासून आवडतं, ते कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. परत खेळायला सोडणं हाच खाऊ. कित्येकदा चिकनपेक्षा मोठा.

गळपट्ट्याला हात लावण्याचा मुद्दा कृपया कोणी सोडू नका. बरीच पिल्लं येतात, पण हात पुढे गेला की मान चुकवतात. कारण हात म्हणजे पकड. घरीच रोज सवय लावा: गळपट्टा हलकेच धरला, खाऊ, सोडला. हात आधी, खाऊ नंतर, या क्रमाने. मग हात दिसला की मान पुढे येईल.

निवांत

शब्दाबद्दल कोणी बोललंच नाही. 'ये' हा शब्दच मुळात वाईट आहे. घरात दिवसभर किती वेळा म्हणतो आपण! 'इकडे ये', 'जाऊन ये', 'घेऊन ये', 'ये ना लवकर'. आमच्याकडे मी फोनवर मित्राला 'हो हो, ये ये' म्हणालो की कुत्रा येऊन समोर बसायचा. सुरुवातीला खाऊ मिळाला नाही तर खट्टू होऊन जायचा. मग येईनासाच झाला. त्याच्या लेखी तो शब्द म्हणजे पंख्याचा आवाज.

आम्ही नवा शब्द घेतला: 'झुप'. घरात कोणी एरवी हा शब्द उच्चारत नाही.

शेपूटवाली

मराठीने कुत्र्यांचा घोळ करून ठेवलाय असं माझं जुनं मत आहे. 'हाड' म्हटलं की जायचं आणि हाड दाखवलं की यायचं. त्या बिचाऱ्याने करायचं काय?

ढब्बू

हसून हसून पुरेवाट. शेपूटवाली, दंडवत.

घोंगडी

शब्द कोणताही चालतो, पण दोन पथ्यं. एक, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. एक जण 'ये', दुसरा 'कम', तिसरा नुसतीच चुटकी, असं नको. दुसरं, शब्द एकदाच. कानटोपी, तुम्ही वीस मिनिटं 'भोपू ये' म्हणत होतात, म्हणजे कमीत कमी शंभर वेळा. त्यातून तो शिकला की पहिल्या नव्व्याण्णव हाका मोजायच्या नसतात.

येणार अशी खात्री नसेल तर हाक मारूच नका. जाऊन आणा. हाक वाया घालवण्यापेक्षा पाय दुखलेले परवडले.

कानटोपी

घडाघडा बोलतायत सगळे, आभार. शंभर तर नक्कीच झाल्या असतील.

मग आता 'ये' टाकून 'झुप' घेऊ का? की 'ये'च दुरुस्त होतं?

पाचवा_मजला

घरात आदळायला येतो म्हणजे 'ये' अगदीच नासलेला नाही. पण नवा शब्द कोऱ्या पाटीवर चढतो, त्यामुळे सोपं जातं. आम्ही तरी नवाच घेतला.

चिमटा

सगळं वाचून गंमत वाटली. कुत्रा आहे की जावई? बोलावलं की आलाच पाहिजे, नाही आला तर परिणाम भोगायला पाहिजे, साधा हिशोब. माझ्याकडे आठ वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे. एक आवाज पुरतो. लहानपणी आला नाही तर जाऊन मान धरून हलवायचो. बाहेरच्या देशात तर रिमोटचे गळपट्टे मिळतात, बटण दाबलं की करंट, दोन दिवसांत सरळ. तुमच्या खाऊवाल्या कुत्र्यांचं एक सांगू? खिसा रिकामा दिसला की ओळख दाखवत नाहीत.

सुईदोरा

चिमटा, बाहेरच्या देशांचं म्हणाल तर वेल्समध्ये करंटच्या गळपट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. कारण नुसतं दुखतं एवढंच नाही. दुखतं त्या क्षणी कुत्रा ज्याच्याकडे बघत असतो, त्याच्याशी तो दुखणं जोडतो. समोर सायकलवाला असेल तर सायकल, लहान मूल असेल तर मूल. बटण दाबणाऱ्याला वाटतं 'ऐकलं नाही म्हणून' हे त्याला कळलं. नंतर तो मुलांवर गुरकावायला लागतो आणि तुम्ही त्याला माझ्याकडे घेऊन येता.

आणि मान धरून हलवणं: तो तुमच्याकडे आला नाही, तुम्ही गेलात, धरलंत, हलवलंत. तो काय शिकला? तुम्ही जवळ येणं धोक्याचं. येणं शिकवताना हे अगदी उलटं पडतं.

चिमटा

तरी माझा येतो.

टोकदार

येतो हो, नाही कोण म्हणतंय. कान कसे ठेवून येतो तेवढं एकदा बघा.

घोंगडी

भांडण नको, कारण चिमटा यांचा एक मुद्दा खरा आहे आणि तो बाजूला टाकू नये. खिसा बघून येणारे कुत्रे असतात. पुष्कळ असतात. पण ते खाऊ दिल्यामुळे होत नाही, खाऊ *दाखवल्यामुळे* होतं. आधी पिशवी खुळखुळवायची, तुकडा नाचवायचा आणि मग 'ये' म्हणायचं, याला लाच म्हणतात. कुत्रा तुकडा बघून ठरवतो, परवडतंय का. बक्षीस म्हणजे हाताला काही नाही, हाक मारली, आला, मग पाठीमागच्या खिशातून काहीतरी निघालं. पहिल्या आठवड्यात दर वेळी द्या. सवय नीट रुजली की कधी तुकडा, कधी दोरीची खेचाखेची, कधी सलग पाच तुकडे एकामागून एक, कधी नुसतं कौतुक. काय मिळणार हे माहीत नसलं की ओढ वाढते. माणसं लॉटरीची तिकिटं का घेतात?

तुकडा वाटाण्याएवढा. मोठा दिला तर चघळत बसतो आणि तोवर आपण का आलो तेच विसरतो. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, थोडं चीज, असं काहीतरी जे एरवी भांड्यात पडत नाही. रोजचे कोरडे दाणे घरात चालतात, मैदानात त्यांना कोणी विचारत नाही.

सुईदोरा

एक पुरवणी. हे सगळं रोजच्या खाण्याच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत राहू द्या आणि तेवढं जेवण कमी करा. लॅब्रेडॉर आहे, पोट भरलं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा-लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं काहीही: अजिबात नाही, 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणूनही नाही.

सावळी

मी एरवी नुसती वाचत असते, पण इथे लिहावंसं वाटलं. जरा वेगळं आहे, कानटोपींना कदाचित लागू होणार नाही.

आमची डाल्मेशियन, नाव ठिपकी. तीन महिन्यांची असताना हाक मारली की ती पळायची, पण भलत्याच दिशेला. मी डावीकडे असले तर ती दाराकडे. मग थांबून चहूकडे मान फिरवायची, मी दिसले की धावत यायची. आम्ही हसायचो. घरात तिचं नाव 'वेंधळी' पडलं होतं. कधी कधी गाढ झोपलेली असताना कितीही हाका मारा, ढिम्म. आणि कधी कधी कुजबुजलं तरी उठायची. दोन महिने मी 'लक्ष देत नाही' म्हणून तिच्यावर चिडत होते.

एकदा ती झोपलेली असताना सहज लक्षात आलं. उजवा कान खाली दाबून झोपली की ऐकू येत नाही. डावा कान खाली असला की येतं. मी जमिनीवर तिच्या शेजारी बसून किल्ल्या वाजवत होते, आणि जसजसं कळत गेलं तसतसा हात जड होत गेला. तपासणीत डावा कान पूर्ण बंद निघाला, जन्मापासून. डाल्मेशियनमध्ये हे बऱ्यापैकी आढळतं म्हणे. एका कानाने आवाज कळतो, पण कुठून आला ते कळत नाही. ती वेंधळी नव्हती, ती दर वेळी आवाज शोधायला निघायची.

आता मी हाक मारते आणि हात सरळ वर धरते. ती हाक ऐकते, थांबते, हात शोधते आणि येते. रात्री हातात टॉर्च असतो. 'वेंधळी' म्हणणं आम्ही बंद केलं.

शेपूटवाली

सावळी, छान केलंत लिहिलंत ते. आता विनोद सुचत नाहीये.

सुईदोरा

सावळी, किल्ल्यांची तुमची परीक्षा अचूक होती. डोक्याला बारीक इलेक्ट्रोड लावून प्रत्येक कानाची वेगळी तपासणी करता येते, तीच तुमच्याकडे झाली असणार. घरी बघायचं असेल तर पिल्लू झोपेत असताना त्याच्या नजरेबाहेरून आवाज करायचा, पण जमिनीला धक्का लागता कामा नये आणि वाऱ्याची झुळूकही नको, नाहीतर ते कंपनानेच उठतं आणि आपण फसतो.

आणि हात वर धरण्याची खूण ऐकू येणाऱ्या कुत्र्यांनाही शिकवा. वाऱ्यात, गर्दीत, म्हातारपणी कान गेल्यावर, सगळीकडे उपयोगी पडते.

निवांत

यावरून आठवलं, शिट्टी. माझा आवाज दर वेळी वेगळा असतो. चिडलेलो, घाबरलेलो, सर्दी झालेली. शिट्टीला मूड नसतो. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला तोच आवाज. आणि लांब जाते.

अवांतर: ती माणसाला ऐकू न येणारी शिट्टी फ्रान्सिस गाल्टन याने १८७६ मध्ये केली. त्याला माणसाला आणि प्राण्यांना किती उंच आवाज ऐकू येतो ते मोजायचं होतं. आपल्याला २०,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू येतं, कुत्र्यांना ४०,००० च्याही वर. पण मी साधी ऐकू येणारीच वापरतो. न ऐकू येणारी वाजतेय की बिघडलीय हे वाजवणाऱ्यालाच कळत नाही.

टोकदार

शिट्टीत जादू नाही हे लिहा, नाहीतर लोक उद्या शिट्टी विकत घेऊन मैदानात फुंकत बसतील. आधी घरात महिनाभर शिट्टी-खाऊ, शिट्टी-खाऊ. मगच तिला अर्थ येतो.

कानटोपी

सावळी, तुमचं वाचून मी आधी भोपू झोपलेला असताना दोन्ही बाजूंनी किल्ल्या वाजवून आलो. दोन्ही कान शाबूत. म्हणजे आता माझ्याकडे कोणतीच सबब उरली नाही.

घर आणि मैदान याच्या मधलं काय करायचं ते सांगा. एकदम मैदानात 'झुप' म्हटलं तर पाटी पुन्हा खराब होईल ना?

घोंगडी

होईलच. पी हळद नि हो गोरी इथे चालत नाही. घरातला शब्द मैदानात आपोआप जात नाही. कुत्र्याच्या डोक्यात 'झुप' म्हणजे 'दिवाणखान्यात, संध्याकाळी, कानटोपी खाली बसलेला असताना झुप' असं सगळं एकत्र साठतं. प्रत्येक जागी नव्याने शिकवावं लागतं, फक्त दर वेळी कमी वेळात.

पहिले दोन दिवस काही बोलवायचंच नाही. तो शेजारीच असताना 'झुप' म्हणा आणि तुकडा द्या. पंधरा-वीस वेळा. त्याने काही करायची गरज नाही. पाव्हलॉव्हची घंटा आठवा: घंटेनंतर खाणं मिळत गेलं आणि मग त्याच्या कुत्र्यांना नुसत्या घंटेनेच लाळ सुटायला लागली. शब्द ऐकताच मान गर्रकन वळली की समजा, अर्थ चढला. मग दोन माणसं खोलीच्या दोन टोकांना बसून आळीपाळीने बोलवा. पोरांना हा खेळ फार आवडतो. तीन मिनिटं, फार तर पाच, आणि त्याला अजून हवं असतानाच थांबवा. मग वेगवेगळ्या खोल्यांतून, लपून. मग जिना, अंगण, रिकामा रस्ता. शेवटी मैदान, आणि तेही पहाटे, दुसरी कुत्री नसताना.

मैदानात लांब दोरी. दहा मीटर पुरते. दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला लावा, गळपट्ट्याला नको, धावता धावता दोरी ताणली तर मानेला हिसका बसतो. दोरी ओढून आणायला नाही हं, ती फक्त पळून जाऊन मजा मारण्याचा पर्याय बंद करण्यासाठी. आणि हाताला गुंडाळू नका. मी गुंडाळली होती. समोरून खार गेली. तळहाताची साल आठ दिवस भरली नाही, चहाचा कप डाव्या हाताने धरत होतो.

पाचवा_मजला

पोटरीभोवती दोरीचा वेढा, हा अनुभव माझा. हाफ पँट घालून जाऊ नका, एवढंच म्हणते.

ढब्बू

वाचनखूण साठवली. सहा वर्षांच्या 'पिल्ला'लाही हे लागू आहे का हो? गंभीरपणे विचारतोय.

घोंगडी

लागू आहे. नवा शब्द घ्या आणि पहिल्या दिवसापासून सुरू करा, तो चार महिन्यांचा आहे असं समजून. वेळ जास्त लागेल, कारण सहा वर्षांची सवय खोडायची आहे. पण मोठ्या कुत्र्याला जरा दम असतो, लक्ष टिकतं.

सुईदोरा

कानटोपी, एका गोष्टीची आधीच कल्पना देते. सात-आठ महिन्यांचा झाला की हे सगळं एकदम पुसल्यासारखं वाटेल. घाबरू नका. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी याच वयावर अभ्यास प्रसिद्ध केला होता, गाइड डॉग, म्हणजे अंधांना वाट दाखवणारे कुत्रे म्हणून वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांवर. पाच महिन्यांची असताना ती सांभाळणाऱ्या माणसाचं जितकं ऐकत होती, तितकं आठव्या महिन्यात ऐकेनाशी झाली. गंमत म्हणजे परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. आणि हा काळ पुढे सरतो. नेमके याच वयात खूप कुत्रे लोक सोडून देतात, तेव्हा तो सरतो हे माहीत असलेलं बरं.

शेपूटवाली

म्हणजे आईबापाचं नाही, शेजारच्या काकांचं ऐकतो. आमच्या घरी दोन पायांवरचा असाच एक नमुना आहे, नववीत.

टोकदार

त्या वयात लांब दोरी परत वापरायला काढायची, बस. रागवायचं नाही, मोकळंही सोडायचं नाही.

आणि एक संकटकाळचा शब्द वेगळा ठेवा. रोज वापरायचा नाही. आठवड्यातून एक-दोनदा घरात, आणि दिला की मूठभर उत्तमातलं उत्तम खायला. फाटक उघडं राहिलं, समोरून गाडी आली, तेव्हाच बाहेर काढायचा. आमचा शब्द 'खजिना' आहे. चार वर्षांत खऱ्या कामाला दोनदा वापरला.

चिमटा

हे बरं आहे. हे करून बघेन.

घोंगडी

चिमटा, स्वागत!

कानटोपी

तीन आठवडे झाले, हिशोब देतो.

'झुप' घरात आठवड्यात चढला. मुलगी आणि मी दोन टोकांना बसायचो, हा मधे चेंडूसारखा. तिसऱ्या दिवशी त्याने चलाखी केली: मी हाक मारायच्या आधीच तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे फेऱ्या सुरू. अंगणात जमलं. रस्त्यावर अर्धवट.

मैदानात पहिल्या दिवशी दहा मीटर दोरी घेऊन गेलो. पूर्ण पँट घालून. आठ वेळा बोलावलं, सहा वेळा आला. सातव्यांदा एक वाळलेलं पान जास्त महत्त्वाचं निघालं. पण मी हाक परत मारली नाही! दोरीवरून चालत गेलो, पानाजवळ बसलो, त्याचं झाल्यावर परत निघालो. निघताना पट्टा लावून दोन मिनिटं रेंगाळलो. तो चक्रावला. पट्टा लागलाय आणि आपण घरी जात नाही आहोत, हे बघून त्याने चक्क माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं.

आता परवा. दोरी सोडलेली होती, नुसती मागे घसरत होती. लांबवर दुसरा कुत्रा आला, हा निघाला. मी एकदाच 'झुप' म्हटलं, पाठ फिरवली आणि पळालो. मागे बघायचा धीर झाला नाही. मग पाठीमागे दोरीचा गवतातून सर्र्र असा आवाज आला आणि नडगीवर तोच ओळखीचा आदळ. मी तिथेच बसकण मारून खिशातलं सगळं चिकन त्याला देऊन टाकलं. बाकावरचे आजोबा म्हणाले, "आज लवकर संपलं."

दर वेळी असं होत नाही, काल पुन्हा पानच जिंकलं. पण आता नवीनच भानगड. मैदानात सोडला की दर दोन मिनिटांनी न बोलावता येतो, समोर बसतो आणि खिशाकडे बघतो. द्यायचं की नाही?

टोकदार

नाही. न मागता दिलंत तर हाकेची किंमत काय राहिली?

घोंगडी

द्यायचं! आपणहून तुमची आठवण काढून आलाय, यापेक्षा वेगळं काय हवं होतं?

टोकदार

आठवण कसली, वसुली आहे ती.

पाचवा_मजला

मी कधी देते, कधी नुसती मान खाजवते. बीगलसुद्धा आता दर थोड्या वेळाने डोकावून जाते.

कानटोपी

म्हणजे तुमच्यातच एकमत नाही. सध्या मी अर्धा तुकडा देतोय.

शेपूटवाली

व्हिडिओ कुठाय?